क्वेबेक पूल

क्वेबेक पूल हा कॅनडातील क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर असलेला पोलादी पूल आहे. दोन मुख्य खांबांमधील त्याचा गाळा ५४९ मीटर (१,८०० फूट) असून कॅंटिलिव्हर प्रकारच्या पुलांमध्ये तो आजही जगातील सर्वांत लांब गाळा आहे. बांधकाम चालू असताना हा पूल १९०७ आणि १९१६ साली असा दोनदा कोसळला व दोन्ही अपघातांत मिळून ८८ जणांचा मृत्यू झाला. १९१७ साली तो पूर्ण झाला.

रचना

भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जाला पुढच्या टोकाशी आधार नसतो. त्याचा भार मागे भिंतीत अडकवलेला भाग पेलतो. कॅंटिलिव्हर पुलाचे तत्त्व हेच. नदीतील प्रत्येक मुख्य खांबावरून दोन बाहू निघतात. एक काठाकडे जाऊन तेथे जखडला जातो आणि दुसरा पाण्यावर अधांतरी पुढे जातो. समोरासमोर आलेल्या अशा दोन अधांतरी बाहूंच्या टोकांवर मधला गाळा टेकवलेला असतो. नदीचे पात्र खोल असल्यास आणि खालून जहाजे जात असल्यास ही पद्धत सोयीची ठरते, कारण पात्रात पाडाचे खांब न रोवता पूल काठाकडून मध्याकडे वाढवत नेता येतो. स्कॉटलंडमधील फोर्थ पूल (१८९०, गाळा ५२१ मीटर) याच प्रकारचा आहे.

पहिले बांधकाम

पुलाची पायाभरणी १९०० साली झाली. न्यूयॉर्कचे नामवंत अभियंते थिओडोर कूपर हे सल्लागार होते, तर पोलादी सांगाड्याचे काम अमेरिकेतील फिनिक्स ब्रिज कंपनीकडे होते. मुख्य गाळा आरंभी १,६०० फुटांचा ठरला होता. खांब उथळ पाण्यात यावेत आणि बर्फाच्या माऱ्यापासून दूर राहावेत म्हणून कूपर यांच्या सूचनेवरून तो १,८०० फूट करण्यात आला. या बदलामुळे फोर्थ पुलाचा विक्रमही आपोआप मोडणार होता.

एवढ्या मोठ्या पुलावर सर्वांत जड ओझे आगगाडीचे नसून पुलाच्या स्वतःच्या पोलादाचे असते. गाळा वाढला की हे वजन लांबीच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढते. तरीही नव्या लांबीप्रमाणे वजनाचे गणित नव्याने मांडले गेले नाही. १९०६ साली प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षा बरेच जास्त असल्याचे लक्षात आले, तेव्हा पुष्कळसे पोलाद घडवून झाले होते. वाढलेला ताण पेलवेल असे मानून कूपर यांनी काम पुढे चालू ठेवले. प्रकृतीच्या कारणाने ते पोलादी काम पाहण्यास एकदाही आले नाहीत.

२९ ऑगस्ट १९०७

१९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडील बाहूच्या तळच्या तुळया वाकू लागल्या. यातील प्रत्येक तुळई चार उभ्या पोलादी फळ्यांची असून त्या फळ्या तिरप्या पट्ट्यांच्या जाळीने एकमेकींना बांधलेल्या होत्या. अशा घटकावर दाब पडला असता तो चुरडण्याआधीच बाजूला वाकतो, आणि तो वाकू न देणे हे जाळीचे काम असते. येथे जाळी फारच दुबळी होती. एका तुळईचा बाक आठवडाभरात पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. तुळई कारखान्यातूनच वाकडी आली असावी, असा वाद कामावर झाला. परंतु वाढत जाणारा बाक मुळापासूनचा असू शकत नाही, एवढे तरी ध्यानात यायला हवे होते.

कूपर यांचे जागेवरील प्रतिनिधी नॉर्मन मॅक्ल्युअर हे मोजमापे घेऊन न्यूयॉर्कला गेले. २९ ऑगस्टला दुपारी कूपर यांनी पुलावर आणखी भार घालू नये, अशी तार केली. पण ती क्वेबेकला नव्हे, तर कंपनीच्या फिनिक्सव्हिल येथील कचेरीत. तेथे निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला. इकडे काम चालूच होते. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, कामाची वेळ संपत असताना, पुलाचा संपूर्ण दक्षिण भाग काही सेकंदांत खाली आला. पुलावरील ८६ जणांपैकी ७५ मरण पावले. त्यांत काह्नावाके वस्तीतील मोहॉक जमातीचे ३३ लोहकामगार होते.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९०८ साली अहवाल दिला. तळच्या तुळयांची सदोष आखणी हे अपघाताचे कारण ठरले. वजनाच्या चुकीच्या अंदाजावर, तसेच कामाच्या जागी अधिकार असलेला अनुभवी अभियंता नसण्यावरही आयोगाने बोट ठेवले.

दुसरे बांधकाम

नवा पूल कितीतरी भक्कम आखण्यात आला. तळच्या तुळयांचा छेद दुपटीहून अधिक झाला. मधला ६४० फुटांचा गाळा वेगळा बांधून, तराफ्यांवरून आणून वर उचलायचा होता. ११ सप्टेंबर १९१६ रोजी तो उचलला जात असताना एका कोपऱ्याच्या आधाराचा ओतीव भाग फुटला आणि गाळा नदीत पडला. यात १३ जण दगावले. या वेळी दोष पुलाच्या आराखड्यात नसून उचलण्याच्या साधनात होता. दुसरा गाळा सप्टेंबर १९१७ मध्ये जागेवर बसला आणि डिसेंबरमध्ये रेल्वे वाहतूक सुरू झाली. वेल्सच्या राजपुत्राच्या हस्ते औपचारिक उद्घाटन १९१९ साली झाले.

लोखंडी अंगठी

कॅनडात अभियंता होणारे विद्यार्थी १९२५ पासून एका विधीत प्रतिज्ञा घेऊन करंगळीत अंगठी घालतात. पहिल्या अंगठ्या कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असे सर्रास सांगितले जाते. ती दंतकथा आहे.