गाण्याचं अर्धायुष्य किती?

आजचा प्रश्न घराघरांत वाद लावणारा आहे. एफएमवर सकाळपासून पाच वेळा वाजलेलं गाणं अजून पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल का? घरातली मोठी माणसं लगेच सांगतात, "छे! आमच्या वेळची गाणी ती गाणी. आत्ताची महिनाभरात विसरतात." आपण कानात हेडफोन घालतो आणि विषय तिथेच संपतो. आज तो तसा संपवायचा नाही. जरा मागे जाऊन बघू.

मी ट्रॉम्बेचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आमच्या शेजारीच, त्यामुळे एक शब्द तिकडून उसना घेतो : अर्धायुष्य, म्हणजे हाफ-लाइफ. किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला जो वेळ लागतो, तो. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस, कोबाल्ट-६० चं सव्वापाच वर्षं. हिट गाण्यांचंही असंच वाटतं ना? काही आठवड्यात उतरतात, काही वर्षानुवर्षं राहतात. पण कुठलं गाणं टिकणार, हे आधीच ओळखता येतं का?

एकदा सरकारनेच ते ठरवायला घेतलं होतं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर जीव. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी पिरगाळली आणि रेडिओ सिलोन लावलं! त्याच १९५२ मध्ये तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोहोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला स्वतःची विविध भारती काढावी लागली, तीसुद्धा केसकर मंत्री असतानाच. ज्या गाण्यांना हलकं म्हटलं, त्यातली कितीतरी आज 'सदाबहार' म्हणून लागतात.

मग श्रोत्यांना तरी बरोबर कळत होतं का? गीतमालेच्या १९५७ च्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं होतं 'जनम जनम के फेरे' या सिनेमातलं, संगीत एस. एन. त्रिपाठींचं. गाणं जुन्या लोकांना अजून आठवतं, पण सिनेमाचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? त्याच वर्षी 'प्यासा' आला होता, 'मदर इंडिया' आला होता, 'नया दौर' आला होता. आज त्या वर्षाचं नाव काढलं की हे तीन सिनेमे आधी आठवतात. म्हणजे त्या वर्षीची लोकप्रियता एक आणि साठ वर्षांनंतरची आठवण दुसरी.

आणखी एक गंमत बघा. जुनी गाणी सगळीच चांगली होती असं आपल्याला वाटतं, कारण वाईट गाणी आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. ती आजोबाही विसरले. आपण त्यांची गाळून उरलेली गाणी आपल्या न गाळलेल्या गाण्यांशी ताडून बघतो. ही तुलनाच बरोबरीची नाही.

मग टिकतं काय? १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या. आठवड्याला एक गाणं, वर्षभर, एकूण ५६. हेसुद्धा रेडिओचंच हिट होतं, बरं का! पण ते रेडिओत अडकलं नाही. बाबूजींनी गावोगावी कार्यक्रम केले, लोकांनी ती गाणी पाठ केली, दुसऱ्या भाषांत नेली, रामनवमीला म्हणायला घेतली. वर्षभराची मालिका संपली, गाण्यांना मात्र दरवर्षीचा एक दिवस मिळाला.

आता आमच्या जवळच्या घाटकोपरला या. चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणारे अण्णाभाऊ साठे. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. ती पसरली मैदानातल्या सभांतून, शाहिरांच्या आणि कामगारांच्या गळ्यांतून. गाव सोडून मुंबईत आलेल्या प्रत्येकाला ती आपली वाटली. अजूनही वाटते.

आणि आमच्या कोळीवाड्यात हळदीला 'मी डोलकर' लागतंच. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लतादीदी आणि हेमंतकुमार यांचे. यातलं कुणी कोळी नाही, हेमंतकुमार तर बंगाली! तरी कोळ्यांनी ते आपलं केलं, कारण त्यावर नाचता येतं.

अणू आणि गाणं यांच्यात फरक पडतो तो इथे. अणूचं अर्धायुष्य ठरलेलं असतं, त्याला तुमच्या-माझ्या आवडीशी देणंघेणं नाही. गाण्याचं मात्र आपण वाढवू शकतो. रेडिओ गाणं ओळखीचं करून देतो. पुढे ते कशाला तरी लागावं लागतं : हळदीला, जयंतीला, मोर्चाला, बाळाला निजवायला.

म्हणून 'सैराट'च्या 'झिंगाट'ची मला काळजी नाही. २०१६ चं गाणं, पण वरात आणि मिरवणूक त्याला सोडत नाही. २०२४ मध्ये संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'वर जगभर रील्स झाल्या, तेही लग्नांत शिरलंय. ते तिथे राहील का, हे आत्ताच सांगता येणार नाही. केसकरांना जमलं नाही, गीतमालेलाही पुरतं जमलं नाही, मला कुठून जमणार?

मला काळजी वेगळीच आहे. तेव्हा चाळीत एक रेडिओ असायचा आणि दहा घरं ऐकायची. आवडो न आवडो, गाणं सगळ्यांचं व्हायचं. आज लोकलच्या एका बाकावर चार जण चार वेगळी गाणी ऐकतात. गाणी वाईट झाली असं मी म्हणणार नाही, पण ती एकत्र ऐकणं कमी झालंय. आणि एकट्याच्या कानातलं गाणं फोनबरोबर बदलतं.

तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. सध्याचं तुमचं सगळ्यात आवडतं गाणं घ्या, फोन बाजूला ठेवा आणि चार मित्रांत एक अख्खं कडवं म्हणा. शब्द आठवले आणि बाकीच्यांनी सूर धरला, तर आईला बिनधास्त सांगा, हे टिकणार. नाही आठवले, तर तिला तिच्या वेळचं एखादं म्हणायला सांगा आणि ते शिकून घ्या.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि गातही राहा!