ऐकणाऱ्याचं शिक्षण: भारतातल्या समुपदेशन अभ्यासक्रमाची शंभर वर्षं

आजचा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. "मुलीनं मानसशास्त्रात एम.ए. केलं. आता तिला दाराबाहेर समुपदेशक म्हणून पाटी लावता येईल का?" हा प्रश्न इंदूरच्या आईवडिलांना पडतो, बेळगावच्या पडतो, पुण्याच्याही पडतो. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ते का, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

सुरुवात कलकत्त्यात झाली. 1916 साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. तोपर्यंत मानसशास्त्र हा तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा होता, आता त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. पण लक्षात घ्या, तिथं मोजमाप चालायचं ते स्मृतीचं, अवधानाचं, प्रतिक्रियेच्या वेळेचं. दुःखी माणूस समोर बसला तर त्याच्याशी काय बोलायचं, हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

ती उणीव त्याच विभागातल्या एका माणसाला जाणवली. गिरीन्द्रशेखर बोस पेशानं डॉक्टर. त्यांनी या विभागातून मानसशास्त्राची पदवी घेतली, 1921 साली दमनाच्या संकल्पनेवर डॉक्टरेट मिळवली आणि व्हिएन्नाला फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला. 1922 साली त्यांच्या कलकत्त्यातल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. बोलण्यातून उपचार करण्याचं शिक्षण असू शकतं, ही कल्पना आपल्याकडे इथं रुजली. मात्र ती मोजक्या लोकांपुरतीच राहिली.

दुसरा प्रवाह मुंबईत निघाला, आणि तो विद्यापीठाच्या वर्गातून निघाला नाही. 1936 साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. आज आपण त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते फक्त 20. पुढच्याच वर्षी संस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. शाळेत न रमणारी, घरात अबोल झालेली मुलं तिथं येत. विद्यार्थी त्यांच्या घरच्यांशी बोलत, घरची परिस्थिती समजून घेत. अभ्यासक्रमाला खरी माणसं जोडली गेली, ती अशी.

आता येऊ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. 1946 साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा आजही अंगावर येतो. इंग्लंडमध्ये साधारण 300 लोकांमागं मनोरुग्णालयातली एक खाट होती, भारतात 40,000 लोकांमागं एक. समितीचं म्हणणं असं, की नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही, माणसंही तयार करावी लागतील. त्यातून 1954 साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. हीच पुढे 1974 साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाशी जोडली गेली आणि निम्हान्स झाली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण आपल्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. 1955 पासून बंगळूरला मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पदविका सुरू झाली. 1962 साली रांचीजवळच्या कांके इथल्या संस्थेतही तसाच अभ्यासक्रम आला. या पदविकेचं पुढे एम.फिल. झालं. नावावरून वाटतं, संशोधनाची पदवी असेल. पण खरं शिक्षण रुग्णालयाच्या वॉर्डात व्हायचं. दोन वर्षं पूर्णवेळ. रुग्णाची हकीकत लिहून घ्यायची, चाचण्या करायच्या, मग त्याच्याशी बोलायला बसायचं. त्यानंतर वरिष्ठांसमोर सांगायचं, की मी काय विचारलं, तो काय म्हणाला, आणि मी कुठं चुकले. सुतार जसा उस्तादाच्या हाताखाली रंधा धरायला शिकतो, तसं हे शिक्षण होतं.

याच काळात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. रुग्ण बरा करायचा तर घरच्यांनाही शिकवावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे 1973 साली डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी लिहिलं, की भारतीय माणूस उपचार करणाऱ्याकडे बरोबरीच्या नात्यानं येत नाही, तो गुरूकडे यावं तसा येतो. म्हणजे परदेशी पुस्तक जसंच्या तसं चालणार नाही, ते माणसागणिक तपासून घ्यावं लागेल. आणि हे तपासणं माणसासमोर बसूनच शिकता येतं.

मग कायदा काय म्हणाला? 1992 सालच्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आणली. 2017 सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याची व्याख्याही केली, आणि त्यात दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबर देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असं स्पष्ट लिहिलं. वॉर्डातली ती जुनी शिस्त कायद्यात आली. पण समुपदेशक मात्र त्या व्याख्येबाहेरच राहिला. शाळेत, कॉलेजात, एच.आय.व्ही. केंद्रात हजारो समुपदेशक काम करत होते. ते कोण, काय शिकलेले, हे सांगणारी देशपातळीवरची नोंदवही नव्हती.

ती पोकळी भरायला 2021 साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्यात वर्तनविषयक आरोग्य विज्ञान असा स्वतंत्र गट आहे, आणि त्यात समुपदेशकांना जागा मिळाली. पाठोपाठ दोन मोठे बदल झाले. 2022 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोसामाजिक कार्य या दोन विषयांना तेवढी 2025-26 पर्यंत मुदत दिली. आणि 2025 साली आयोगानं सांगितलं, की मानसशास्त्रासारखे या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन यापुढे चालवता येणार नाहीत.

हा दुसरा निर्णय अनेकांना लागला. लहान गावातली नोकरदार स्त्री, संसार सांभाळून चाळिशीत शिकू पाहणारी बाई, यांना दूरशिक्षण हाच रस्ता होता. तो बंद झाल्याचं दुःख खरं आहे, आणि त्यांच्यासाठी जवळपास दुसरी सोय व्हायला हवी. कारण गरज प्रचंड आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. पण शंभर वर्षांचा धडाही खोटा नाही. व्याख्यान घरबसल्या ऐकता येतं, समोरचा माणूस रडू लागल्यावर गप्प कसं बसायचं हे मात्र घरबसल्या शिकता येत नाही.

आता पुन्हा मुलीच्या पाटीकडे. एम.ए. ही सुरुवात आहे. पुढचा अभ्यासक्रम निवडताना फी आणि इमारत नंतर बघा. आधी विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळेल? त्यावर देखरेख कोण ठेवेल? माझ्या चुका कोण ऐकेल? आणि ही पदवी कोणत्या परिषदेच्या नोंदणीसाठी चालेल? या चार प्रश्नांची उत्तरं संस्थेकडून लेखी मिळत नसतील, तर तिथं प्रवेश घेऊ नका.

ज्याच्याकडे लोक आपलं दुखणं घेऊन येणार, त्याचं स्वतःचं बोलणं आधी कुणीतरी नीट ऐकून घेतलेलं असावं. बंगळूरच्या वॉर्डात 1955 साली सुरू झालेलं शिक्षण ते एवढंच.