आठ दिवसांचा कागद

नाट्येतिहासाची पाने नाटककार, नट आणि दिग्दर्शक यांच्या नावांनी भरलेली असतात. प्रेक्षकाला नाट्यगृहाच्या दारापर्यंत आणणारे भित्तिपत्रक मात्र प्रयोग संपताच पावसात भिजते किंवा नव्या कागदाखाली गडप होते. व्यावसायिक संस्थेला वृत्तपत्रातील जाहिरातीचा आधार असतो. हौशी संस्थेची भिस्त बहुधा या एका कागदावरच असते. म्हणून त्याच्या इतिहासाकडे आपण थोडे निरखून पाहू.

1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते राजाश्रयाने. तेथे जाहिरातीचे कारण नव्हते. 1853 साली त्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. तिकीट आले की अनोळखी प्रेक्षक येतो, आणि त्याला खेळ, स्थळ, वेळ व दर कळवणे भाग पडते. नाटकाच्या जाहिरातीचे मूळ या गरजेत आहे.

योगायोग असा की, ज्या शिळाछापामुळे पुढे चित्रमय भित्तिपत्रक शक्य झाले, तो एका नाटककाराच्या निर्धनतेतून जन्मला. म्युनिकचा आलोइस सेनेफेल्डर हा नटाचा मुलगा. आपली नाटके छापण्याचा खर्च त्याला परवडेना. स्वस्त मार्ग शोधताना 1796 च्या सुमारास त्याने दगडावर तेलकट शाईने लिहून पाहिले आणि त्या प्रयोगांतून शिळाछाप सिद्ध झाला. या कलेने कोणती उंची गाठली, हे 1895 च्या पहिल्या दिवशी पॅरिसने पाहिले. सारा बर्नहार्ट हिच्या ‘जिस्मोंदा’ नाटकासाठी आल्फोन्स मुखा याने काढलेल्या पुरुषभर उंचीहून मोठ्या चित्रात ती हाती झावळी घेऊन उभी होती. अक्षरे मोजकीच होती. एका आकृतीने सारे नाटक सांगितले होते.

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठी हौशी रंगभूमीला बहर आला तो बऱ्याच उशिरा. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1958 साली येथे विद्यापीठ स्थापन झाले, पुढे विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. 1954 साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेचे दार येथील हौशी कलावंतांनाही उघडले. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांची ‘जिगीषा’ ही याच मातीतली.

स्पर्धेतील प्रयोग बहुधा एकच, आणि गंगाजळी नाममात्र. भित्तिपत्रकाचे रूप या दारिद्र्यानेच घडवले. छापखान्यात खिळे जुळवून मजकूर छापता येई, पण शीर्षकाजोगी मोठी अक्षरे तेथे निवडकच असत. जाळीच्या छपाईत, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, हाताने काढलेले अक्षर व चित्र उतरवता येई. परंतु प्रत्येक रंगाला निराळी जाळी आणि निराळा खर्च. साहजिकच संकल्पक दोन रंगांवर भागवी आणि कागदाचा मूळ पांढरा रंग तिसरा म्हणून वापरी. मग प्रश्न उरे तो अक्षराचा. कमल शेडगे (1935–2020) यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारख्या नाटकांची शीर्षके रेखाटून दाखवून दिले की, अक्षराच्या वळणातच नाटकाचा स्वभाव उतरवता येतो. चित्राला पैसा नसेल, तर अक्षरालाच चित्र व्हावे लागते. हौशी संस्थांच्या हाती याहून मोलाचा धडा दुसरा नव्हता.

तथापि या कागदांत एक उणीव वारंवार आढळते. त्यावर वार असतो, तारीख असते, ‘रात्रौ ठीक 9 वाजता’ असते. साल मात्र नसते. आठ दिवस टिकणाऱ्या कागदाला साल कशाला, असा त्यामागचा विचार. परंतु हौशी नाटकाची संहिता अनेकदा छापली जात नाही, प्रयोगाची समीक्षा येत नाही. चाळीस वर्षांनी उरतो तो हाच कागद, आणि तोही मुका! कोणते नट, कोणता प्रसंग, कोणते वर्ष, काहीच उमगत नाही.

येथे एक उदाहरण आठवते. आपल्या शहरातील कॅथीड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स 1594 साली शाब्ले प्रांतात गेले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी आपले विचार सुट्या कागदांवर लिहून घरोघरी दारांखालून सरकवले आणि सार्वजनिक जागी लावले. तेही क्षणिक कागदच होते. परंतु लेखन जपले गेले, आणि संतांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. 1923 साली पोपमहोदयांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही सणासुदीला नाटके होतात, तरुण मंडळी रात्र रात्र जागून फलक रंगवतात. त्यांना आपण दोनच गोष्टी सांगू या. तारखेपुढे साल लिहा आणि पडद्यामागच्या हातांसह सर्वांची नावे द्या. मग शंभरांतली एक प्रत, खळ न लावता, धर्मग्रामाच्या कपाटात सपाट ठेवून द्या. भिंतीवरचा कागद प्रेक्षकांसाठी असतो. कपाटातला आपल्या नातवंडांसाठी.