आसोद्याची शेतकरीण : बहिणाबाई चौधरी यांचें चरित्र व त्यांच्या गाण्यांचीं साधनें

(१) जुन्या मराठी कागदांचा ज्यांस परिचय आहे त्यांनीं कुणब्याचा नांगर अनेक वेळां पाहिला असेल. महजरावर किंवा कतब्यावर साक्ष घालतांना अक्षरशत्रु कुणब्यानें नांवापुढें नांगराची निशाणी करावी, कारागिरानें आपल्या हत्याराची करावी, असा परिपाठ होता. बाईची निशाणी बांगडी. परंतु नांगर शेंकडों कागदांवर आढळतो आणि बांगडी क्वचित् आढळते. याचें कारण उघड आहे. कागद होतो तो हक्कासाठीं : वतन, वांटणी, कर्ज, सारा किंवा तंटा असेल तेथें. ज्या बाईनें पेरलें, निंदलें, दळलें आणि घरच्यांस जेवूं घातलें, तिच्या त्या श्रमाविषयीं गोताकडे फिर्याद गेली नाहीं. म्हणून त्याचा कागदहि झाला नाहीं. नवरा वारला व मुलें अज्ञान राहिलीं, म्हणजेच ती बहुधा दप्तरांत शिरते. खानदेशांतील अशाच एका शेतकरणीचें चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिच्या हातचें एक अक्षरहि उपलब्ध नाहीं. तथापि तिच्या तोंडचा संग्रह मात्र उपलब्ध आहे, आणि तो साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावा हा प्रश्न आमच्या वाचकांच्या विचारास योग्य आहे असें वाटतें.

(२) शके १८०२, म्हणजे इ. स. १८८०, या वर्षीं मुंबई सरकारच्या गॅझेटियराचा बारावा, म्हणजे खानदेशाचा, खंड छापून निघाला. पिकें, जमिनी, अवजारें, जाती, बाजार, यात्रा यांची एवढी माहिती त्यापूर्वीं खानदेशाविषयीं एके ठिकाणीं झालेली नव्हती. त्याच वर्षीं जळगांवाजवळ आसोदें येथें लेवा पाटीदार समाजांतील महाजनांच्या घरीं बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचें नांव उखाजी, आईचें भिमाई; पाठीं भावंडें तीन भाऊ व तीन बहिणी. शाळेचा संबंध कधींच आला नाहीं. तेराव्या वर्षीं जळगांवचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें.

सासर व माहेर यांत अंतर थोडें होतें, परंतु काळ पालटत होता. इ. स. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या वर्षांत कापसास जो भाव आला त्यानें खानदेशची काळी जमीन जगाच्या बाजाराशीं जोडली. आगगाडी झाली आणि जळगांव कापसाची पेठ बनली. इ. स. १९०६ मध्यें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां जळगांव हें पूर्व खानदेशचें मुख्य ठाणें ठरलें. म्हणजे बहिणाबाई ज्या घरांत नांदल्या त्याच्या एका अंगास शेत व खळें, तर दुसऱ्या अंगास कचेरी, गिरणी व छापखाना, अशी स्थिति होती. छापखान्यावरहि त्यांची एक रचना आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिशीच्या सुमारास त्यांस वैधव्य आलें. पदरीं एक मुलगी व दोन मुलगे. थोरला मुलगा ओंकार यास प्लेगच्या सांथींत कायमचें अपंगत्व आलें. धाकटे सोपानदेव यांचा जन्म इ. स. १९०७ चा. घरची वांटणी झाली, दिवस ओढीचे आले, आणि त्या बाईनें शेत व संसार दोन्ही स्वतःच्या हातानें चालविले. इतकाच चरित्राचा सांगाडा. ता. ३ डिसेंबर १९५१ रोजीं जळगांव येथें त्या वारल्या.

(३) या सांगाड्यावर मांस चढतें तें गाण्यांनीं. बहिणाबाई काम करतां करतां गात. खानदेशांत जात्यास घरोट म्हणतात. पहांटेच्या घरोटाबरोबर ओवी म्हणण्याची चाल सर्व महाराष्ट्रांत जुनी आहे. पण बहुतेक बाया परंपरेनें आलेल्या ओव्या गात व एखादी पदरची घालीत. बहिणाबाई सबंध गाणेंच आपलें रचीत. संग्रहांतील गाणीं एका ओळीनें लावलीं म्हणजे शेतीचें वर्ष डोळ्यांपुढें उभें राहतें : पाऊस, पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, आणि मधून मधून आखजी, पोळा, गुढी हे सण.

यांतील कांहीं कामें आतां पाहावयास मिळत नाहींत. रगडणींत खळ्याच्या मध्यें रोंवलेल्या मेढीभोवतीं बैलांची पात फिरे व त्यांच्या खुरांखालीं कणसांतून दाणा सुटे. उपणणीस वारा हवा. उंचावर उभें राहून तें धान्य सुपानें हळूहळू खालीं सोडावयाचें, दाणा सरळ खालीं पडे व भूस पलीकडे उडे. वारा पडला कीं काम थांबलें. मोटेच्या विहिरीवर नाडा व सोंदूर या दोन दोरांनीं चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यांत रिती होई आणि बैल धावेवरून पुन्हां मागें सरत. तेलाचें व पुढें विजेचें इंजिन आलें, मळणीचें यंत्र आलें, आणि ही सर्व विद्या एका पिढींत मोडली. सरकारी ग्रंथ अवजाराचें नांव व उपयोग सांगतो. तें अवजार ज्याच्या हातीं आहे त्यास वाऱ्याची वाट पाहतांना काय वाटतें, हें त्यांत नाहीं. बहिणाबाईंच्या गाण्यांत तेंच आहे.

गांवाविषयींची निष्ठा हाहि या गाण्यांचा विशेष होय. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशांत हा लेकींचा सण : सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांस झोके बांधले जातात. त्या सणाच्या गाण्यांत एकटी बहिणाबाई बोलत नाहीं, सारी आळी बोलते. वैधव्यावरील गाण्यांत मात्र ती एकटी आहे. तेथेंहि देवास दूषण देऊन ती थांबत नाहीं, आपल्याच जिवाची समजूत घालून मुलांकडे वळते. शेजार, गुरेंढोरें, पांखरें, वाटसरू, देव यांहून निराळें असें जग तिनें मागितलें नाहीं. जें होतें त्याचें मोल मात्र तिनें पुरतें ओळखलें होतें.

(४) आतां संहितेचा इतिहास. सोपानदेव चौधरी हे स्वतः कवि. आईच्या तोंडून निघालेलीं गाणीं त्यांनीं व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीं वेळोवेळीं ऐकून टिपून ठेविलीं. बाई हयात असतां या टिपणांचें पुस्तक झालें नाहीं. त्यांच्या मरणानंतर सोपानदेवांनीं तीं आचार्य अत्रे यांस दाखविलीं. अत्र्यांनीं त्यांचें मोल तत्काळ ओळखलें, आणि इ. स. १९५२ मध्यें ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हा संग्रह त्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडला. जीं टिपलीं गेलीं नाहींत तीं त्यांच्याबरोबरच गेलीं.

या ठिकाणीं एक तुलना उपयोगी पडेल. शिऊरच्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकांतल्या; त्यांनींहि आपलें चरित्र अभंगांत सांगितलें आहे. त्यांस तुकोबांची गुरुपरंपरा होती, भक्त होते, बाडें उतरून घेणारे हात होते. म्हणून अडीचशें वर्षांनंतरहि त्यांची वाणी छापखान्यापर्यंत पोंचली. आसोद्याच्या बहिणाबाईंस मठ नाहीं, संप्रदाय नाहीं. मुलगा लिहिणारा निघाला, हा केवळ योग. ज्या शेतकरणीचा मुलगा लिहिणारा निघाला नाहीं तिच्या वाणीचें काय झालें असेल, याचा हिशेब प्रत्येकानें करावा.

(५) या संहितेवर विश्वास किती ठेवावा? आक्षेप तीन संभवतात. पहिला, स्वहस्ताक्षराची प्रत नाहीं. दुसरा, लिहून घेणारा स्वतः कवि, तेव्हां त्यानें हात फिरविला असेल. तिसरा, गाण्यांवर मिति नाहीं.

पहिल्यास उत्तर असें कीं, मौखिक वाङ्मयास स्वहस्ताक्षराची अट घालणेंच अयोग्य. तेथें पाहावयाचें तें ऐकणाऱ्याचें सान्निध्य, आणि येथें ऐकणारे घरचेच आहेत. दुसऱ्यास उत्तर भाषेंतच मिळतें. सोपानदेवांची स्वतःची कविता प्रमाण मराठींत आहे. संग्रहांत मात्र लेवा बोलीचे उच्चार जसेच्या तसे आहेत : ‘ळ’ च्या जागीं ‘य’, म्हणून पोळ्याचा ‘पोया’ आणि डोळ्याचा ‘डोया’, ‘ण’ च्या जागीं ‘न’, म्हणून पेरणीची ‘पेरनी’. आईचें बोलणें सुधारून घ्यावें असा मोह ज्यास झाला असता त्यानें प्रथम हे उच्चार सुधारले असते. ते राहिले, यावरून टिपणारानें कान प्रमाण मानला असें आम्हांस वाटतें. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. वैधव्यावरील गाणें नथूजींच्या मृत्यूनंतरचें, इतपत अनुमान चालतें. त्यापुढें जाऊं नये.

सारांश, साऱ्याचे दर, सावकाराचें व्याज किंवा धारणेचे भाव यांसाठीं हीं गाणीं उपयोगी नाहींत. त्यासाठीं गॅझेटियर व गांवचीं दप्तरेंच पाहिलीं पाहिजेत. परंतु शेतांतल्या कामाचा क्रम, बाईमाणसाच्या श्रमाची वांटणी, सणांचा अर्थ आणि बोलीचें रूप यांविषयीं तीं प्रथम प्रतीचा पुरावा होत. इ. स. १८८० सालीं जन्मलेल्या त्या दोन साक्षी समोरासमोर ठेवून वाचल्या तरच खानदेशचें खेडें पुरतें कळेल.

(६) जळगांव येथें इ. स. १९९० मध्यें स्थापन झालेल्या विद्यापीठास इ. स. २०१८ पासून बहिणाबाईंचें नांव आहे. गौरव उचितच, पण संग्राहकांचें काम त्यानें संपत नाहीं. गी पॉइतवँ व हेमा राइरकर यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस गांवोगांव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. म्हणजे शोधणारास त्या मिळत होत्या. जातें थांबलें तरी ज्यांनीं तें ओढलें अशा बाया अद्याप आहेत. आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, बाडें शोधावयास एखाद्या वाड्यांत शिरलां म्हणजे माजघरांतील वृद्ध बाईसहि दोन प्रश्न विचारावे. ती जें म्हणेल तें तिच्याच उच्चारांत टिपावें, शुद्ध करूं नये. खालीं गांव, सांगणारीचें वय, ऐकल्याची मिति आणि तिनें तें कोणाकडून ऐकलें हें लिहावें. आणि तिच्या संमतीनें तिचें नांव घालावें. नांगराच्या निशाणीचे कागद आम्हीं पुष्कळ जपले. बांगडीच्या निशाणीचे जपावयाचे तर ते आधीं लिहून घ्यावे लागतील.