आरशामागचा पारा

घरातल्या जुन्या आरशावर काळपट डाग पडले की आपण सहज म्हणतो, ‘आरशाचा पारा उडाला.’ खरे म्हणजे आज आपल्या घरात जे आरसे आहेत, त्यांच्या पाठीमागे पारा नसतोच. तिथे चांदीचा, नाहीतर ॲल्युमिनियमचा, अतिशय पातळ थर असतो. पारा आरशातून गेला त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. भाषेतून मात्र तो अजून गेलेला नाही. तो आरशात कसा आला, किती काळ राहिला आणि का गेला, ही हकीकत प्रकाशाच्या धड्यात येत नाही. धडा सुरू होतो तेव्हा आरसा तयारच असतो. टाचण्या टोचायच्या, आपाती कोन मोजायचा आणि पुढे जायचे.

दोन खोल्यांच्या घरात एका भिंतीला मोठा आरसा लावला की खोली दुप्पट वाटते. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे लावलेले असतात आणि त्यांत आपल्या डोक्यांची न संपणारी रांग दिसते. मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या भिंतीही आरशांनी मढवलेल्या असत. नियम एकच. वस्तू आरशाच्या जितकी पुढे, तितकी तिची प्रतिमा मागे. नियम सोपा असला तरी भिंतीला लावण्याजोगा आरसा बनवणे सोपे नव्हते. त्यासाठी काच मोठी हवी, ती अगदी सपाट हवी, रंगहीन हवी आणि तिच्या पाठीला धातूचा चकचकीत थर घट्ट चिकटायला हवा. या चार गोष्टी एकत्र यायला माणसाला फार दिवस लागले.

आरसा वस्तू म्हणून मात्र फार जुना. तुर्कस्तानात चातालह्युयुक येथे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे घासून गुळगुळीत केलेले आरसे सापडले आहेत. ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हडप्पा संस्कृतीच्या दफनांमध्ये तांब्याचे आरसे मिळाले. संस्कृतातल्या ‘आदर्श’ या शब्दाचा एक अर्थ आरसा, आणि आपला ‘आरसा’ त्याच शब्दावरून झिजत झिजत आलेला. (म्हणजे ‘आदर्श शिक्षक’ पुरस्कार घेणाऱ्याला आपण एका अर्थी आरसाच म्हणत असतो!) केरळात आरन्मुळा येथे आजही धातूचे आरसे ओततात. तांबे आणि कथील यांच्या त्या मिश्रधातूत कथील सुमारे एक तृतीयांश असते. एवढ्या कथलाने धातू काचेसारखा ठिसूळ होतो, पण पॉलिश फार सुंदर घेतो. मात्र हे सगळे हातात धरायचे आरसे. धातूचा आरसा जड, महाग, आणि हवेने मंद होणारा. त्याने भिंत मढवणे कोणाला परवडणार?

काचेचे सुरुवातीचे आरसे फुग्यातून निघाले. फुंकनळीने काचेचा गोळा फुगवायचा, तो गरम असतानाच आत वितळलेले शिसे ओतून गरगर फिरवायचे आणि थंड झाल्यावर गोळा फोडायचा. जो तुकडा मिळतो तो अर्थातच बहिर्वक्र. यान व्हान आयक या चित्रकाराने १४३४ मध्ये रंगवलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागच्या भिंतीवर असाच एक फुगीर आरसा टांगलेला दिसतो. त्या छोट्याशा वर्तुळात खिडकी, छत, नवरा-बायको आणि दारात उभी असलेली माणसे, अशी सगळी खोली मावली आहे. बहिर्वक्र आरशातली प्रतिमा लहान, सुलट आणि आभासी असते व क्षेत्र मोठे दिसते, हे शिकवायला याहून चांगले चित्र मला माहीत नाही.

आपल्याकडे या फुगीर तुकड्यांतूनच एक वेगळी कला उभी राहिली. कच्छी भरतकामातले आभले म्हणजे अशाच पातळ गोळ्याचे तुकडे. लाहोरच्या किल्ल्यातला शहाजहानचा शीशमहाल आणि जयपूरजवळच्या आमेरचा शीशमहाल हेही लहान लहान काचांचेच आहेत. आमेरचा महाल मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातला; १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे तेच हे मिर्झाराजे. तिथल्या छतात चुन्यामध्ये बसवलेला प्रत्येक तुकडा किंचित फुगीर आणि किंचित वेगळ्या दिशेला वळलेला आहे. त्यामुळे खाली एक ज्योत धरली की छतात शेकडो बारीक ज्योती दिसतात आणि ज्योत हलली की सगळ्या हलतात. मोठी सपाट काच हाताशी नव्हती, हे खरे. पण त्या महालात उभे राहिल्यावर ती हवी होती असे वाटत नाही.

सपाट, रंगहीन काचेचे श्रेय व्हेनिसला जाते. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसने काचेच्या भट्ट्या शेजारच्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या कारागिरांनी स्फटिकासारखी स्वच्छ काच साधली. काचेचा लांबट नळा फुंकून, तो उभा कापून उलगडला की सपाट तावदान मिळते. १५०७ मध्ये दाल गालो या दोघा भावांनी अशा काचेचे आरसे करण्याचा वीस वर्षांचा मक्ता व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे मागितला. तावदानाच्या पाठीला लावायचे ते कथील आणि पारा.

ही कृती नीट पाहण्यासारखी आहे. कल्हईमुळे कथील आपल्या परिचयाचे. त्याचा पातळ पत्रा ठोकून वर्खासारखा करायचा आणि गुळगुळीत दगडी मेजावर पसरायचा. त्यावर थोडा पारा चोळायचा, मग भरपूर पारा ओतायचा. पारा कथलाला खातो आणि दोघांचे संमिश्र, म्हणजे पारदमेल, तयार होते. त्यावर एका कडेने काच अशी सरकवत न्यायची की पाऱ्यावरची मळी पुढे ढकलली जाईल आणि मध्ये हवा अडकणार नाही. मग काचेवर वजने ठेवायची, मेज तिरके करायचे आणि जादा पारा दिवसेंदिवस निथळू द्यायचा. या कृतीत भट्टी नाही, ज्वाळा नाही. सगळे साध्या तापमानाला होते, म्हणून काच तडकत नाही. पण पारा साध्या तापमानालाही वाफ होत राहतो, आणि ती वाफ दिसत नाही, तिला वासही नाही.

आरशांवर व्हेनिसला इतका पैसा मिळत होता की कारागिरांना देश सोडण्याची बंदी होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मंत्री कोलबेर याने मुरानोच्या काही कारागिरांना गुपचूप फोडून पॅरिसला आणले आणि १६६५ मध्ये आरशांची शाही कंपनी काढली. इकडे पुरंदरचा तह झाला तेच हे साल. पुढे त्या कारागिरांपैकी काही अचानक दगावले तेव्हा व्हेनिसने विष घातले अशी कुजबुज झाली.

या खटाटोपाचे फळ म्हणजे व्हर्सायचा आरसेमहाल. १६७८ ते १६८४ या काळात तो बांधला. लांबी सुमारे ७३ मीटर. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या सतरा कमानी, समोरच्या भिंतीत तशाच सतरा आरशांच्या कमानी. दिवसा बाग भिंतीत शिरते आणि रात्री मेणबत्त्या दुप्पट होतात. मेणबत्ती महाग होती, तेव्हा हा निव्वळ दिखाऊपणा नव्हता. इतिहासाचे शिक्षक हा महाल १९१९ च्या तहासाठी ओळखतात. गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. तिथे एकूण ३५७ आरसे आहेत. ३५७ भागिले १७ म्हणजे २१. प्रत्येक कमान एकवीस तावदाने जोडून केलेली आहे. एवढ्या श्रीमंत राजालाही फुंकून केलेल्या काचेतून अख्खी कमान मिळत नव्हती! हे कोडे पुढच्या काही वर्षांतच सुटले. वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतायची, वरून रूळ फिरवायचा आणि मग महिनोन्‌महिने वाळूने घासून पॉलिश करायची, अशी पद्धत फ्रान्समध्ये निघाली. सें-गोबें या गावी १६९३ मध्ये तिचा कारखाना गेला. आरसे मोठे झाले आणि दिवाणखान्यांत, चुलाणावर, दोन खिडक्यांच्या मध्ये जाऊन बसले. समुद्रमार्गे ते भारतातल्या दरबारांतही पोचले. पुण्याच्या शनिवारवाड्यातही ‘जुना आरसेमहाल’ होता. १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तोही गेला.

काचेची पद्धत बदलली तरी पाठीमागचा पारा बदलला नाही. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात आरसे करणाऱ्यांनाही जागा आहे. पाऱ्यामुळे त्यांच्या अंगाला कंप सुटतो, दमा जडतो आणि स्वतः केलेल्या आरशातच त्यांना आपली दैना पाहावी लागते, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. ते वाचून कोणी आरसा घेणे थांबवले नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळचे फ्यूर्थ हे गाव आरशांचे मोठे केंद्र बनले. मध्यमवर्गाला परवडतील असे आरसे तिथून जगभर जात. पारा लावण्याच्या कामात स्त्रियांचा भरणा मोठा होता. आधी तोंडाला लाळ सुटायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे; मग हात थरथरू लागायचे. त्याबरोबर स्वभावही बदलायचा. माणूस चिडखोर आणि विलक्षण बुजरा व्हायचा आणि कोणी बघत असले की हात अधिकच थरथरायचे. जवळच्या एर्लांगेनमध्ये आडोल्फ कुसमाउल हा डॉक्टर होता. त्याने या रोग्यांची बारकाईने तपासणी करून १८६१ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी उपदंशावर पाराच देत. त्यामुळे कोणती लक्षणे रोगाची आणि कोणती औषधाची, याचा घोळ होता. आरसे करणाऱ्यांना उपदंश नसतानाही पारा अंगात जात होता. म्हणून त्यांच्यावरून पाऱ्याची लक्षणे वेगळी काढता आली. वैद्यकाला यामुळे मोठे ज्ञान मिळाले, पण रोग्यांना त्यासाठी कोणी विचारले नव्हते.

गंमत म्हणावी की खेद, तोवर पाऱ्याला पर्याय सापडून पंचवीस वर्षे झाली होती. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाला दिसले की अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट आल्डिहाइडबरोबर तापवले की परीक्षानळीच्या आतल्या बाजूला चांदीचा झगझगीत थर बसतो. १८५६ मध्ये त्याने ही कृती काचेच्या तावदानांसाठी सुधारली. खगोलशास्त्रज्ञांनी ती तत्काळ उचलली. श्टाइनहाइल आणि फूको यांनी दुर्बिणीचे आरसे असे केले. गिऱ्हाइकांनी मात्र नाक मुरडले. पाऱ्याच्या आरशात चेहरा थोडा निळसर दिसे आणि लोकांच्या डोळ्यांना तीच सवय होती. चांदीच्या आरशात तो पिवळट वाटू लागला. वस्तुतः चांदी दृश्य प्रकाशाचा नऊ दशांशांहून अधिक भाग परत पाठवते. पाऱ्याचा आरसा तिच्या जवळपासही येत नाही. पण नवा आरसा महाग होता आणि चांदी लवकर काळवंडे. लीबिगच्या पद्धतीने न्यूरेंबर्गजवळ निघालेला कारखाना चालला नाही. शेवटी चांदीच्या थरावर तांब्याचा आणि रंगाचा लेप देण्याची युक्ती निघाली, चांदी स्वस्त झाली आणि पाऱ्याच्या कामावर बव्हेरियाच्या सरकारने कडक नियम घातले. तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या तोंडावर पारा मागे पडला. नुसत्या शोधाने तो गेला असता असे मला वाटत नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. इंग्लंडमधल्या ॲलिस्टर पिल्किंग्टन याने वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पद्धत शोधली. ती १९५९ मध्ये जाहीर झाली. द्रवाचा पृष्ठभाग मुळातच सपाट असल्याने काच दोन्ही बाजूंनी गुळगुळीत निघते, घासावी लागत नाही. कथील पूर्वी काचेच्या पाठीवर होते, आता ते पोटाखाली आले. हिशेबाने विकत घ्यावा असा पुरुषभर उंचीचा आरसा शक्य झाला तो यामुळे. तसे पाहिले तर पूर्ण शरीर दिसायला आपल्या उंचीच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. मुलांना आकृती काढायला सांगण्याआधी भिंतीवरच्या आरशावर कागद चिकटवून हे करून पाहायला लावावे. मागे सरकल्याने फरक पडत नाही, यावर त्यांचा प्रथम विश्वास बसत नाही.

लीबिगचा प्रयोग वरच्या वर्गांना दाखवता येतो. आल्डिहाइडऐवजी ग्लुकोज चालते. परीक्षानळी अगदी स्वच्छ हवी, नाहीतर आरशाऐवजी काळी भुकटी मिळते. द्रावण ऐनवेळी करावे आणि उरलेले लगेच सौम्य आम्ल घालून, भरपूर पाण्याबरोबर टाकून द्यावे. बाटलीत साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो.

आणि जुन्या वाड्यात एखादा खरोखरच पाऱ्याचा आरसा असेल तर तो ओळखता येतो. त्याचा रंग करडा-निळसर असतो, उजेडात तिरके पाहिले की आत बारीक स्फटिक चमकतात आणि डाग बहुधा खालच्या कडेकडे अधिक असतात, कारण पारा अजून खाली झिरपतो आहे. कधी कधी चौकटीच्या खालच्या खाचेत त्याचे थेंबही साठलेले असतात. तो मुलांना जरूर दाखवावा, पण खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून. पाठीमागची फळी उचकटू देऊ नये आणि थर नखाने खरवडू देऊ नये.