पहिलं घर कुणाचं? अमेरिकेतल्या एका करसवलतीची गोष्ट

आपल्या सोसायटीत बहुतेकांसाठी इथला फ्लॅट हेच आयुष्यातलं पहिलं घर. कर्जाचे हप्ते, स्टॅम्प ड्यूटी, शेअर सर्टिफिकेट हे सगळं आपण इथंच शिकलो. आता आपल्यातल्या कित्येकांची मुलं अमेरिकेत आहेत आणि त्यांनीही तिकडं आपापलं पहिलं घर घेतलंय. माझं आयुष्य लोकांची रिटर्न्स भरण्यात गेलं, त्यामुळं एक प्रश्न मला नेहमी पडतो. "पहिलं घर" म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात ठरवायचं कसं? अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात या प्रश्नानं करसल्लागारांची चांगलीच परीक्षा पाहिली. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

तिकडं घरांच्या किमती कोसळत होत्या, हप्ते थकलेली घरं बँका ताब्यात घेत होत्या आणि नवीन गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. ३० जुलै २००८ रोजी अध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. ९ एप्रिल २००८ पासून पहिलं घर घेणाऱ्याला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त ७,५०० डॉलर मिळणार होते. पण ती सवलत कसली, बिनव्याजी उसनवारीच! दरवर्षी ५०० डॉलरप्रमाणे १५ वर्षांत ते पैसे परत करायचे होते. १७ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामांनी नवा कायदा आणला. आता २००९ मधल्या खरेदीवर ८,००० डॉलरपर्यंत मिळणार होते आणि त्या घरात तीन वर्षं राहिलं तर परतफेडही नव्हती. नोव्हेंबरमध्ये मुदत वाढली आणि खरेदीचा करार ३० एप्रिल २०१० पर्यंत करायची मुभा मिळाली.

आपल्याकडं गृहकर्जाच्या व्याजाची वजावट उत्पन्नातून मिळते. ही सवलत मात्र थेट करातून वजा होणारी होती. एवढंच नाही, तर कर कमी भरत असेल तर उरलेली रक्कम चक्क चेकनं घरी येणार होती. म्हणून तर सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या.

आता "पहिलं" या शब्दाची गंमत बघा. कायद्यानं त्याचा अर्थ लावला तो असा: खरेदीच्या आधीच्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीचं, स्वतः राहण्याचं मुख्य घर नसावं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी घर विकून भाड्यानं राहणारा आजोबासुद्धा "पहिल्यांदा घर घेणारा"! भाड्यानं दिलेलं घर नावावर असलं, पण स्वतः तिथं राहत नसलं, तरी चालत होतं. नवराबायकोंपैकी एकाचं जरी त्या तीन वर्षांत राहतं घर असलं तरी दोघंही बाद. पण लग्न न झालेल्या दोन मित्रांनी मिळून घर घेतलं आणि त्यातला एकच पात्र असला, तर सगळी सवलत त्यानं घेतली तरी चालत होतं. भावाकडून घर विकत घेतलं तर सवलत होती, वडिलांकडून घेतलं तर नव्हती. वारसानं किंवा बक्षीस म्हणून मिळालेलं घर ही खरेदीच धरत नव्हते. आणि आपल्या मुलांच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, अमेरिकेबाहेर आधी स्वतःचं राहतं घर होतं म्हणून कुणी अपात्र ठरत नव्हतं.

हे सगळं समजावून सांगायचं काम आलं ते रिटर्न भरून देणाऱ्यांवर. त्या काळी तिकडच्या बहुतेक राज्यांत या कामाला परवाना लागत नसे. टेबलखुर्ची मांडून कुणीही बसू शकत होतं. गिऱ्हाईक समोर बसून म्हणायचं, "पुढच्या महिन्यात व्यवहार पुरा होतोय, आत्ताच टाका ना!" २००९ मधल्या खरेदीची सवलत २००८ च्या रिटर्नमध्येही मागता येत होती, म्हणून हा मोह जास्त. बरोबर उत्तर एकच होतं: आधी घर घ्या, मग हवं तर सुधारित रिटर्न भरा. पण असं सांगितलं की गिऱ्हाईक हातचं जाण्याची भीती.

कायद्याची अपेक्षा तशी माफक होती. गिऱ्हाईकानं सांगितलेली माहिती सल्लागारानं विश्वासानं धरावी, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची सक्ती नाही. मात्र माहिती अपुरी किंवा चुकीची दिसली तर गप्प बसायचं नाही, विचारायचं. भक्कम आधार नसलेला दावा केला तर १,००० डॉलर किंवा त्या कामाच्या कमाईच्या निम्मे, यांत जे जास्त असेल तो दंड. जाणूनबुजून केला तर १,००० च्या जागी ५,०००.

मग ऑक्टोबर २००९ मध्ये करकारभारावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढं आकडे ठेवले. सुमारे १९,३०० जणांनी अजून न घेतलेल्या घरावर सवलत मागितली होती, रक्कम १३ कोटी ९० लाख डॉलरच्या वर. १८ वर्षांखालच्या ५८२ जणांचे दावे होते आणि त्यातला सगळ्यात धाकटा "घरमालक" चार वर्षांचा! कायद्यात वयाची अटच नव्हती. त्याआधी जुलैमध्येच फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या एका रिटर्न भरणाऱ्यानं या सवलतीचा खोटा दावा भरल्याचा गुन्हा कबूल केला होता.

नोव्हेंबरच्या कायद्यानं मग दारं लावून घेतली. वय १८ पूर्ण हवं, घराची किंमत ८ लाख डॉलरच्या आत हवी आणि रिटर्नला खरेदीच्या हिशेबाचा कागद जोडायलाच हवा. कागद जोडायचा म्हणून रिटर्नही संगणकावरून न पाठवता टपालानं पाठवायचं. त्यामुळं प्रामाणिक माणसालाही पैशांची वाट पाहावी लागली. सुरुवातीलाच एक कागद मागितला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं, असं मला वाटतं.

आपल्याकडंही २०१३ मध्ये कलम ८० ईई आलं आणि पहिल्या घराच्या कर्जव्याजावर जादा वजावट मिळाली. तिथं अट वेगळी होती: कर्ज मंजूर होईल त्या दिवशी नावावर एकही राहतं घर नसावं. गावच्या वाड्यात चुलत्यांबरोबर नाव लागलेला माणूस या अटीत बसतो का, असा प्रश्न आपल्याकडच्या सल्लागारालाही पडणारच. शब्द तोच, "पहिलं घर", पण प्रत्येक कायद्यात त्याचा अर्थ निराळा.

२००८ मध्ये ७,५०० डॉलर घेतलेल्यांचे हप्ते २०१० च्या रिटर्नपासून सुरू झाले आणि शेवटचा, पंधरावा हप्ता २०२४ च्या रिटर्नबरोबर २०२५ मध्ये भरायचा होता. म्हणजे आपला रौप्यमहोत्सव आला आणि तिकडची ती उसनवारी फिटली! इतकी वर्षं ज्यांनी खरेदीचे कागद जपले, त्यांना हिशेब देताना अडचण आली नसेल. आपल्या प्रत्येक घरातही करारनामा, इंडेक्स टू, कर्जफेडीचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट एका फाइलीत असावं आणि ती फाइल कुठं आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावं. सल्लागार चार प्रश्न जास्त विचारतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. तो विचारतो, कारण पुढं कधीतरी तेच प्रश्न आयकर खातं विचारणार असतं.