काट्यावरचं वजन

कऱ्हाडहून सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा माझं वय 19, उंची साडेपाच फूट आणि वजन 45 किलो. मुलं मला ‘पतंग’ म्हणत. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. अम्मीला मात्र घोर लागला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात दुवा मागून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “बेटा, एकदा छातीचा फोटो काढून घेऊ या.”

आमच्या भागात बारीक पोरावर पहिली शंका क्षयाचीच. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. पुढे सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. त्याआधी या रोगावर नेमकं औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी, आणि वजनाचा काटा. काटा वर सरकला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. अम्मीचा थोरला भाऊ असाच वाळत वाळत गेला होता. ते मला त्या दिवशी एस.टी.त कळलं. तोवर घरात त्याचं नावही कुणी काढत नसे.

फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “दोन वेळा जेवतोस का?” मी खाली बघितलं. मेसचं एकवेळचंच कूपन घेऊन उरलेल्या पैशांत मी कवितांची पुस्तकं घेत होतो.

हलकं असणं निराळं, उपाशी असणं निराळं. हे कऱ्हाडच्या पोराला तरी कळायला हवं होतं. शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलो गटात सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आणि आम्ही पैलवान म्हणजे भिंतीएवढा माणूस समजत होतो!

आता उंची-वजनाच्या गुणोत्तराला बीएमआय म्हणतात, 18.5 च्या खाली गेला की वजन कमी. माझा तेव्हाचा आकडा 16 भरतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 18.7 टक्के स्त्रिया आणि 16.2 टक्के पुरुष या रेषेखाली आढळले. त्यांतल्या किती जणांना कुणी जेवणाबद्दल विचारलं असेल?

परतताना अम्मी रागावली नाही. पुढच्या शनिवारपासून मात्र कऱ्हाडच्या गाडीच्या कंडक्टरकडे माझा डबा येऊ लागला.